विषय: तुमच्या प्रवासी लुडोच्या फाशावर सहा हा आकडाच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या तक्रार कक्षातल्या गृहस्थांनी आत्ताच माझी तक्रार 'अपूर्ण माहिती' असा शेरा मारून बंद केली. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. माल तुमचाच आहे, तेव्हा वर्णन करत बसत नाही. तो घडीचा, चुंबकाच्या सोंगट्यांचा, एका बाजूला लुडो आणि उलट्या बाजूला सापशिडी, आणि कडेच्या पारदर्शक घुमटाखाली कायमचा कोंडलेला फासा. घुमट दाबला की फासा उडतो. उडण्याबद्दल तक्रार नाही. त्याच्यावर सहा नाही.

पुन्हा लिहिते, कारण फोनवर हे वाक्य एकालाही पहिल्या फटक्यात कळलं नाही. सहा पडत नाही असं मी म्हणत नाहीये. सहा नाहीच. एक, दोन, तीन, पाच एकेकदा आणि चार दोनदा. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते हे फासे विकणाऱ्यांना मी सांगायला नको. तीनसमोर चार, पाचसमोर दोन, इथवर ठीक. एकसमोर सहा हवा, तिथे पुन्हा चार ठिपके. चांगले गोल, काळेभोर, चार कोपऱ्यांत चार. मधल्या दोन ठिपक्यांचा रंग उडालाय, खड्डा राहिलाय, असलं काही नाही. मधली जागा गुळगुळीत आहे.

आणि तुमच्याच माहितीपत्रकातला पहिला नियम असा: 'सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर काढता येणार नाही.'

हा खेळ घेतला तो मांडवी एक्सप्रेसने कुडाळला जाताना मुलांच्या हातातले मोबाइल सुटावेत म्हणून. कोकण रेल्वेत तसेही बोगद्याबोगद्याला रेंज जाते. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. सासूबाई, हे, माझी मुलगी आणि पुतण्या अशा चौघांचा डाव मांडला, मी बघायला. पनवेल गेलं, माणगाव गेलं, खेड गेलं, सोळाच्या सोळा सोंगट्या आपापल्या घरात. तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'धावत्या गाडीतही सोंगट्या जागच्या हलणार नाहीत!' हे मात्र शब्दशः खरं निघालं. इतकी प्रामाणिक जाहिरात मी आजवर पाहिली नव्हती.

मुलगी आधी रडवेली झाली, मग पुतण्यावर डाफरली की तू घुमट वाकडा दाबतोस. ह्यांनी 'रडीचा डाव नको' म्हणून दोघांना गप्प केलं. सासूबाई लहानपणी मालवणात कवड्यांवर पट खेळलेल्या, त्या तेवढ्या म्हणाल्या, "गो, तो फासो एकदा बघ." पुतण्याने मग पाट उलटा धरला. उलटा धरला की फासा घुमटाच्या आतल्या बाजूवर येऊन टेकतो आणि खालून अगदी स्वच्छ दिसतो. टिचक्या मारमारून त्याने सगळ्या बाजू फिरवून पाहिल्या आणि शेवटी घोषणा केली, "काकू, ह्यात चार डबल आहे." समोरच्या बर्थवरचे अनोळखी आजोबासुद्धा हसले. मी हसले नाही, कारण पैसे मी दिले होते.

सापशिडीची बाजू तरी चालेल असं वाटलं होतं. चालते, पण कशी? चार पडण्याची शक्यता सहात एक असायला हवी, ती इथे तीनात एक. म्हणजे चार घरं पुढे साप बसला असेल तर तो तुम्हाला गिळण्याची भीती दुप्पट. शकुनीच्या फाशांवर निदान मागेल ते दान पडायचं. तुमच्या फाशांनी शकुनीचाही वनवास झाला असता.

आता तुमच्या सेवेबद्दल. पहिल्या फोनवर एका मुलीने मला समजावलं, "मॅडम, हा नशिबाचा खेळ आहे. प्रयत्न करत राहा, पडेल." मी गणित शिकवते. धड फाशावर ओळीने पन्नास वेळा टाकूनही एकदाही सहा न येण्याची शक्यता नऊ हजारांत जेमतेम एक आहे, आणि ज्या फाशावर सहाच नाही तिथे शक्यता मोजायचा प्रश्नच उरत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो ना मॅडम, म्हणजे अगदीच अशक्य नाहीये." दुसऱ्या फोनवर सल्ला मिळाला की घरातला दुसरा फासा वापरा. अहो, सुटा फासा गाडीत बर्थखाली घरंगळतो म्हणून तर घुमटवाला खेळ घेतला! तिसऱ्याने तुमचं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, "त्यात सहा पडतो." मोबाइल सुटावा म्हणून घेतलेल्या खेळाला तोडगा काय, तर मोबाइल.

हे सगळं मी गिळलं असतं. आजचं नाही गिळत. म्हणून संभाषण जसंच्या तसं लिहिते, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ताडून पाहा.

गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये चारचा फोटो चुकून दोनदा आलाय. सहाचा राहिलाय."

मी म्हटलं, "दोनदा आलेला नाही. फाशावरच चार दोनदा आहे. ही तर तक्रार आहे."

"ते कळलं मॅडम. पण फॉर्ममध्ये सहा चौकटी आहेत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." हे त्यांनी खरोखर मोजून दाखवलं. "प्रत्येक चौकटीत त्या त्या आकड्याचा फोटो लागतो. तुमची सहाची चौकट रिकामी आहे."

"ती रिकामीच राहणार. तुम्ही सहा दिलेला नाही."

"चौकट रिकामी असेल तर तक्रार पुढे जात नाही, मॅडम."

"मग त्या चौकटीत दुसरा चार टाका."

"टाकून बघितला. सिस्टीम घेत नाही. चुकीचा फोटो म्हणून परत येतो."

"मग सहाचा फोटो मी आणू कुठून?"

इथे थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. मला वाटलं, आता ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तर म्हणाले, "फाशाचाच काढा ना मॅडम. जरा चांगल्या उजेडात."

चांगल्या उजेडात! मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं, तर वरिष्ठ मीटिंगमध्ये. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तेव्हा त्यांनी "आणखी काही मदत करू शकतो का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. 'आणखी' हा शब्द कुठल्या हिशेबाने वापरला, देव जाणे. लगोलग मेसेज आला की आमच्या सेवेला एक ते पाचपैकी गुण द्या. सहा तिथेही नाही, म्हणजे निदान धोरण एकच आहे.

खोक्यावर तुम्ही 'प्राचीन भारतीय परंपरेचा खेळ' असंही छापलंय. परंपरा मला ठाऊक आहे. लुडो हे आपल्या पचिसी या कवड्यांच्या खेळावरून इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेटंट घेऊन केलेलं रूप. पचिसीचा पट फतेहपूर सिक्रीला अकबराच्या अंगणात दगडात आखलेला आहे. मोहेंजोदडोला घनाकृती फासे सापडले. त्यांवर आकड्यांची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी, एकसमोर दोन, तीनसमोर चार, पाचसमोर सहा. पण सहा आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, कस्टमर केअर नसताना, सहा आहे. ती परंपरा तुमच्या कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबली.

खोक्यावर आयएसआयची खूणही आहे. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे आणि ती सुरक्षिततेची आहे, ठिपके मोजून कोणी देत नाही, एवढं कळतं. ठिपके मोजणं तुमचं काम होतं. तुमच्याच कंपनीचा जुना पुठ्ठ्याचा लुडो आमच्या माळ्यावर अजून आहे. कडा उसवल्यात, हिरवी सोंगटी हरवून तिथे शर्टाचं बटण आलंय, पण त्या फाशावर सहा आहे. त्या लुडोच्या भरवशावर मी दुकानात दुसरं काही न बघता तुमचं नाव उचललं. पुढच्या वेळी नाव सोडून बाकी सगळं बघेन.

दुसरा फासा पोस्टाने पाठवतो असं कृपा करून कळवू नका. घुमट चिकटवलेला आहे, उघडत नाही. हे तुमच्या लोकांना दर फोनला सांगितलंय. मला सहा असलेला आख्खा नवीन खेळ हवा, पाठवण्यापूर्वी कोणीतरी माणसाने पाट उलटा धरून सहाही बाजू पाहिलेला. नाहीतर पूर्ण पैसे परत, आणि जुना खेळ नेण्याचा खर्चही तुमचा. दोन्हीपैकी जे कराल ते पंधरा दिवसांत, लेखी.

तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दात मालाच्या दर्जातली आणि प्रमाणातलीही उणीव धरली आहे. सहापैकी एक आकडा कमी ही दोन्हींत बसते. तक्रार मी राहते तिथल्या आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क शून्य आहे. साडेतीनशे रुपयांसाठी कोण एवढं करतं असं तुमच्या कक्षात कोणाला वाटत असेल, तर सांगते, मे महिन्याची सुट्टी लागली आहे आणि मला वेळच वेळ आहे.

सोबत: बिलाची प्रत, पाट उलटा धरून काढलेला व्हिडिओ, फाशाच्या सहा बाजूंचे सहा फोटो (चारचे दोन, दोन्ही वेगवेगळ्या बाजूंचे आहेत, आणि दोन्ही भर दुपारी गॅलरीत काढले आहेत).

आपली ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)