रविवारच्या बैठकीआधी एवढं करून या

सभासदहो, ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती संगणकाला कळतील अशी मांडणी) शिकायला सुरुवात कुठून करायची, हे ग्रुपवर सारखं विचारलं जातंय. ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेच्या स्पेसिफिकेशनला आत्ताच हात लावू नका, डोकं उठेल. ऑन्टॉलॉजी बांधायचं स्टॅनफर्डचं मोफत सॉफ्टवेअर, प्रोटेजे, डाउनलोड करा आणि मँचेस्टर विद्यापीठाचं पिझ्झा ट्युटोरियल हातानं करून पाहा. पिझ्झावर फक्त भाज्या टाकल्या तरी रीझनर (आपण लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) त्याला शाकाहारी म्हणत नाही, कारण ‘याखेरीज काही नाही’ हे आपण सांगितलेलंच नसतं. बहुतेकांची गाडी इथंच अडते, तेव्हा घाई नको.

आरडीएफसाठी (माहिती छोट्या छोट्या विधानांत मांडायची पद्धत) वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं २०१४ चं प्रायमर पुरे. अशा माहितीला प्रश्न विचारायची भाषा, स्पार्कल, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावरच गिरवा.

रविवारी सकाळी १० वाजता, धरमपेठेत नेहमीच्या जागी. संत्र्यांची छोटी ऑन्टॉलॉजी तिथंच बांधू. लॅपटॉप चार्ज करून आणा, प्लग कमी आहेत.