यंत्रमाग कामगारांची श्रवणचाचणी : सभासदांना सूचना

कामगाराला पाळी सुटल्यावर थेट चाचणीला पाठवू नये. मागांच्या खडखडाटानंतर कान तात्पुरते बधिर असतात, त्यामुळे चाचणीचा आलेख (कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो ते दाखवणारा) आहे त्याहून वाईट येतो. किमान 14 तास गोंगाटापासून लांब हवा, म्हणजे सुटीनंतरची सकाळ, कामावर चढण्याआधी. (सुटीत डीजेसमोर नाचलेला यात बसत नाही.) कानात मळ असल्यास आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

आलेखात 4000 हर्ट्झजवळ (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) खड्डा पडून 8000 ला रेघ पुन्हा सावरत असेल, तर पहिला संशय गोंगाटावर धरा. समोरासमोरचं बोलणं अजून कळत असतं, म्हणून या टप्प्यावर कामगार तक्रार करत नाही. तक्रारीची वाट पाहू नका. 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झला ऐकू येण्याच्या पातळीची सरासरी त्याच कानाच्या पहिल्या चाचणीपेक्षा 10 डेसिबलने खालावली, तर महिन्याच्या आत फेरचाचणी घ्या.

आवाज मोजताना मीटर ‘ए’ (कानाला जाणवतो तसा आवाज मोजणारी) आणि ‘स्लो’ (आकडा सावकाश बदलणारी) या सेटिंगवर ठेवून कामगाराच्या कानापाशी धरा, सगळे माग चालू असताना. दारात उभं राहून घेतलेला आकडा निरुपयोगी. मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल, 95 ला चारच तास, म्हणजे 5 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. त्याच हिशेबाने 12 तासांच्या पाळीला जेमतेम 87 उरतात.