पेन्सिलीनं लिहिणाऱ्या मॅडमना, जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाचं चारचौघांत कौतुक झालं की कुणाच्या तरी पोटात दुखतं, हे बाबांसोबत वॉर्डात राहून मलाही कळलंय. तुमच्या दारावर 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी होती, पण खाली बसलेले आम्ही सगळे तुम्हाला 'सोशलवाल्या मॅडम' म्हणायचो. तेवढीच ओळख पुरे.

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, प्रवेश मिळाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "छान, आता वाचायला लाग" एवढंच म्हणालात. मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवलात. माझं बोलायचं सगळं तसंच राहिलं. ते आता लिहिते.

आधी जरा तक्रार करते. करू द्या, तुमच्यासमोर कधी केली नाही.

बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला तो खर्ऱ्यानं, तंबाखू-सुपारी घोटून करतात त्या. आमच्या यवतमाळकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, गावागावांत एकतरी घर असं आहे. आई शेतात, भाऊ शाळेत, म्हणून बाबांसोबत नागपूरला मी. बारावी झाली होती आणि पुढचं शिक्षण तिथंच थांबलं. ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, मग पुन्हा तपासण्या. या सगळ्या काळात आम्हाला मदत करायला आलेली माणसं मला चांगली आठवतात. एका मंडळाची माणसं केळी आणि बिस्किटं घेऊन आली. बाबांच्या अर्ध्या चेहऱ्याला पट्टी होती, तोंड उघडत नव्हतं, नळीतून पेज चालू होती. त्यांच्या हातात केळं दिलं, फोटो काढला आणि पुढच्या खाटेकडं गेले. फोटो काढू का, हे बाबांना कुणी विचारलं नाही. केळं मी खाल्लं, खोटं कशाला बोलू.

पुढं बाबा जरा सावरले आणि मी शिकायचं मनावर घेतलं, तेव्हाची तऱ्हा वेगळी. एका कॉलेजच्या खिडकीवर बाबूनं मार्कशीट पाहिली, वर्ष पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "इतका गॅप? मधात लग्न झालं का?" नाही म्हटलं. "मग इतके दिवस काय करत होत्या?" हे त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं की मागची रांग हसली. उत्तर ऐकायला तो थांबलाच नाही, पुढच्या मुलाचा फॉर्म घेतला. तालुक्याच्या गावी करिअर मार्गदर्शन करणारे एक सर आहेत. त्यांनी फी घेऊन सांगितलं की समाजकार्याला भविष्य नाही, नर्सिंग कर. नर्सिंगसाठी बारावीला कोणते विषय लागतात आणि माझे कोणते होते, हे त्यांनी विचारलं असतं तर निदान फी वाजवी वाटली असती. आणि एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून शिफारसपत्र मिळालं. त्यात माझं आडनाव चुकलं होतं.

घरचेही काही कमी नव्हते. मोठे काका म्हणाले, "समाजसेवा कराले डिगरी कायले लागते वं? गाडगेबाबानं कोणतं कॉलेज केलं होतं?" यावर मला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटत होतं.

तुमच्याकडं मी आले ते प्रवेशाचं विचारायला नव्हेच. योजनेच्या कागदात काहीतरी अडलं होतं. तुमची खोली जिन्याखाली, अर्धी फायलींनी भरलेली, आणि दारात कायम माणसं. कुणाचं रेशनकार्ड गावी राहिलेलं, कुणाला रक्त पाहिजे, कुणी बेवारस आणलेला आणि त्याचं गाव कोणतं हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही एका कानाला फोन लावून त्या बेवारस माणसाचं गाव शोधायला कुठल्या तरी पोलीसपाटलाशी बोलत होतात आणि दुसऱ्या हातानं माझे कागद चाळत होतात. काम झाल्यावर मी सहज विचारलं, या खुर्चीत बसायला काय शिकावं लागतं. तुम्ही फोन बाजूला ठेवलात. माझ्या प्रश्नासाठी कुणी फोन बाजूला ठेवण्याची मला सवय नव्हती.

बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तुम्ही नागपुरातल्या समाजकार्य महाविद्यालयांची नावं औषधाच्या चिठ्ठीच्या मागं लिहून दिलीत. मातृसेवा संघाचं नाव लिहिताना थांबलात आणि कमलाताई होस्पेटांबद्दल सांगितलंत. कमी वयात विधवा झालेली बाई, तिनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि 1921 मध्ये याच शहरात बायकांच्या बाळंतपणासाठी संस्था उभी केली. "आधी शिकली, मग उभी केली," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी काकांचा गाडगेबाबांचा प्रश्न तुमच्यापुढं टाकला. तुम्ही हसलात. म्हणालात, गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. "आधी गावात हातानं काम, मग प्रश्न, आणि उत्तर लोकांचं. आम्हाला हेच शिकायला काही वर्षं लागतात, त्यांना उपजत होतं. सगळेच गाडगेबाबा म्हणून जन्मले तर कॉलेजं बंद करू." हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर पाहुण्यांना तेच सांगताना मी त्यांना ऐकलंय, स्वतःचंच असल्यासारखं.

आता त्या दुपारीबद्दल. तुमच्या ती लक्षातही नसेल.

फॉर्म भरून मी तुम्हाला दाखवायला आणला होता. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल आणि शिक्का मारलेलं एखादं पत्र द्याल. तुम्ही शेवटच्या पानावर थांबलात. 'सामाजिक कामाचा अनुभव' असा एक रकाना होता आणि त्यात मी आडवी रेघ मारली होती. ही रेघ का, असं तुम्ही विचारलंत. अनुभव नाही म्हणून, असं मी म्हणाले. मग तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या मावशींना सांगितलंत की पाच मिनिटं कुणाला आत सोडू नका.

आणि मला प्रश्न विचारायला लागलात. बाबांच्या शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडचे एक आजोबा होते, ते फक्त गोंडी बोलायचे. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांना कळत नव्हतं आणि दुखतं कुठं ते डॉक्टरांना कळत नव्हतं. "मग गोंडी बोलणारा माणूस कुणी शोधला?" मी. गेटवरचा एक सुरक्षारक्षक त्या भागातला होता, त्याची ड्युटी संपली की मी त्याला वर घेऊन यायची. "त्यांच्या आधारवर आणि रेशनकार्डवर वेगळी नावं होती, ते कुणाच्या लक्षात आलं?" माझ्या. "रात्री कोणत्या पेशंटजवळ कोण जागणार, त्याच्या पाळ्या कुणी लावल्या?" पाळ्या आम्ही सगळ्यांनी मिळून लावल्या होत्या, पण वही माझ्याकडं होती. एकेका घरातलं एकच माणूस आलेलं, ते दिवसभर धावणार आणि रात्रभर जागणार, मग तेही आजारी पडणार. म्हणून चार खाटांचे नातेवाईक आळीपाळीनं झोपायचो. यात सामाजिक काम कोणतं, हे मला खरंच दिसत नव्हतं. ते तर करावंच लागतं.

तुम्ही पेन्सिल घेतलीत. माझ्या रेघेवर पांढरी शाई लावलीत, ती वाळेपर्यंत फुंकर मारत बसलात आणि त्या रकान्यात पेन्सिलीनं, अगदी पुसट, पाच-सहा ओळी लिहिल्यात. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. जे मी बोलले तेच, माझ्याच क्रमानं. मग फॉर्म माझ्याकडं वळवलात आणि पेन दिलंत. "यावर तुझ्या अक्षरात लिही. पटत नसेल तो शब्द बदल. शाई वाळली की खोडरबर फिरव, माझं अक्षर राहायला नको. फॉर्म तुझा आहे."

मी एक शब्द बदलला. तुम्ही 'समन्वय केला' असं लिहिलं होतं, मी 'वही ठेवली' असं केलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, हे जास्त बरं आहे.

मॅडम, मला मदत केलेल्या प्रत्येकानं त्या मदतीवर आपली खूण ठेवली होती. कुणी फोटो काढला, कुणी लेटरहेड दिलं, कुणी पुढं वर्षभर 'आम्हीच हिला' असं सांगत फिरलं. आपलं अक्षर पुसायला सांगणाऱ्या पहिल्या तुम्हीच. शिफारसपत्राचं मी चाचरत विचारलं, तर म्हणालात, मागितलं तर देईन, न मागता दिलं तर ते माझं पत्र वाचतील आणि तुझा रकाना वाचायचा राहील.

तसंच झालं. मुलाखतीत सरांनी तो रकाना वाचला आणि जवळपास सगळा वेळ त्यावरच बोलले. सुरक्षारक्षकाला तयार कसं केलं? आजोबांना तो परका माणूस चालला का? पाळीच्या वेळी एखादा झोपी गेला तर काय करायचे? या प्रश्नांना मला पाठांतर लागलं नाही. 'मला गरिबांची सेवा करायची आहे' हे वाक्य मी घरी पाठ केलं होतं, ते म्हणायची वेळच आली नाही, आणि बरंच झालं. आता वर्गात शिकवतात तेव्हा कळतं की माणसाबरोबर एकट्यानं करायचं काम, गटाबरोबरचं काम आणि वस्तीबरोबरचं काम अशा या विषयाच्या मुख्य वाटा आहेत. तुम्ही मला यातलं एकही नाव न सांगता त्यातल्या दोन वाटांवर मी आधीच चालून आले आहे हे दाखवलं होतंत.

अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली, ती मुद्दाम कळवते. 1936 साली मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्याची नेमणूक झाली. वाचताना मला तुमची जिन्याखालची खोली आठवली आणि थोडा रागही आला. इतक्या वर्षांच्या कामाला अजून जिन्याखालचीच जागा? एक्स-रेवाल्यांना मोठी खोली आहे. पण तुम्ही एकदा म्हणाला होतात की जिन्याखाली असल्यामुळं जिना चढायची ताकद नसलेला माणूस आधी तुमच्याकडंच पोचतो. तरी मी म्हणते, खोली मोठी मिळायला हवी. खुर्च्या दोनच आहेत.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडं लगेच मोठमोठी नावं घेतात. मला त्या काळातली लहान माणसं आठवतात. चहाच्या टपरीवाले दादा मोबाईल चार्जिंगला लावू द्यायचे आणि नुसत्या पाण्याची बाटली भरून द्यायलाही नाही म्हणायचे नाहीत. वॉर्डातल्या मावशी रागवायच्या खूप, पण बाबांची पट्टी बदलताना पडदा ओढायला कधी विसरल्या नाहीत. एसटीचे एक कंडक्टर बाबांना खिडकीची जागा मिळावी म्हणून स्वतः उठून पोरांना मागं सरकवायचे. यातल्या कुणी मला किंवा बाबांना 'बिचारे' म्हटलं नाही. तुम्हीही नाही. बाबांच्या आजाराबद्दल माझ्याशी बोलण्याआधी तुम्ही बाबांना विचारलं होतंत, "काका, हिला सांगू ना?" बाबांना बोलता येत नव्हतं, त्यांनी मान हलवली. ते अजून तुमच्याबद्दल बोलतात, म्हणजे आता जेवढं बोलता येतं तेवढं, आणि त्यात हे एक वाक्य नेहमी असतं की त्या बाईनं मला विचारलं.

बाबा बरे आहेत. मऊ भात खातात. खर्रा सुटला, पण गावातल्या पोरांवर त्याचा राग काढतात, पानटपरीसमोर उभे राहून आपला जबडा दाखवतात. टपरीवाला वैतागलाय.

एक काम होतं. आमचं क्षेत्रकार्य सुरू होतंय, आठवड्यातले दोन दिवस कुठल्या तरी संस्थेत किंवा विभागात जायचं असतं. तुमच्याकडं विद्यार्थी घेतात का, असं आमच्या मॅडम विचारत होत्या. मी तुमचा नंबर दिला नाही, आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. जमत असेल तर कळवा. मला नाही घेतलंत तरी चालेल, माझ्या वर्गात भामरागडकडची एक मुलगी आहे, तिला गोंडी आणि माडिया दोन्ही येतात. तिला नक्की घ्या.

तुमची,
चार खाटांची वही ठेवणारी