पेटीच्या पट्टीत ऊद जुळवणाऱ्या उस्तादांना

आदरणीय उस्ताद,
सप्रेम शालोम.

इस्राएलमधल्या अश्दोद शहरातला संगीताचा कार्यक्रम संपल्यावर आपले आभार मानायला मी पुढे आले होते, परंतु कंठ दाटून आल्यामुळे दोन शब्दांपलीकडे काही बोलता आले नाही. आपल्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून माझी मुलगी हे पत्र आपल्याला हिब्रूतून सांगेल. मी मात्र ते मराठीत आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे, कारण आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या यहुदी, मंडळींनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

यहुदी समाजाच्या एकोप्याचे म्हणून जे कार्यक्रम होतात, त्यांत आमचे काम आजवर ठरलेले असे. बायकांनी साड्या नेसून हिंदी चित्रपटातल्या गाण्यावर नाचायचे आणि मध्यंतरात समोसे पुरवायचे. आम्ही मराठी कीर्तन सादर करतो असे सुचवल्यावर एका संयोजकांनी 'हे यहुदी संगीत वाटत नाही' असे तोंडावर सांगितले होते. दुसऱ्यांनी मोठ्या सौजन्याने, पेटी घरी ठेवून कीबोर्डवर काय ते वाजवा, असा सल्ला दिला होता. ज्या समाजाच्या वंशाबद्दल शंका घेऊन त्याच्या मुलामुलींची लग्ने अडवली गेली आणि ज्याला आपण पूर्ण यहुदी आहोत हे 1964 मध्ये क्नेसेटकडून, म्हणजे इस्राएलच्या संसदेकडून, वदवून घ्यावे लागले, त्या समाजाला असे शब्द नवीन नाहीत. म्हणून ते कमी बोचतात असे मात्र नाही.

आपल्या तालमीला आम्ही आलो तेही जरा बिचकतच. आमची पेटी आजोबांनी मुंबईहून बोटीने येताना सामानातून आणलेली, भात्याला ठिगळ लावलेली, आणि तिचे सूर आजच्या वाद्यांपेक्षा किंचित चढे. काकांनी पहिली पट्टी दाबताच व्हायोलिनवाल्या मुलाने भुवया उंचावल्या आणि काकांचा हात तिथेच थबकला. तेव्हा आपण ऊद हे आपले तंतुवाद्य मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात, षड्जाची पट्टी दाबून धरायची खूण केलीत, कान पेटीजवळ नेलात आणि एकेक खुंटी पिळून सगळ्या तारा त्या सुराला आणल्यात. मग वादकांकडे वळून एवढेच म्हणालात, 'पेटीला हलता येत नाही, आपल्याला येते.' कानून हे अनेक तारांचे वाद्य वाजवणाऱ्या बाईंना तर एकेका स्वराच्या तीन तीन तारा किल्लीने चढवायच्या होत्या. त्यांनी कपाळाला आठी न घालता ते सारे पार पाडले आणि तोवर काका भाता मारत राहिले. त्यांच्या वाद्याची पट्टी आजवर दुसऱ्या कोणी विचारलीच नव्हती.

त्या पेटीवर आम्ही योसेफाच्या आख्यानातली पदे गायलो. मुंबईतल्या हिंदू कीर्तनकारांची कीर्तने ऐकून आमच्या पूर्वजांनी 1880 मध्ये आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर कीर्तने सुरू केली. त्यांत ओवी आहे, साकी आहे, दिंडी आहे, आणि देव मात्र अब्राहाम, इसहाक व याकोब यांचाच आहे. प्रार्थनेच्या चाली शिकवायला आमच्याकडे कोचीनचे हज्जान, म्हणजे प्रार्थना गाणारे, आले होते, म्हणजे आमचा सूर तरी कुठे एका गावाचा आहे? हे सगळे आपण आम्हांला सांगू दिलेत, आणि घड्याळाकडे पाहिले नाहीत.

त्या रात्री, शनिवारचा शब्बाथ सरल्यावर, एलियाहू हनावी या संदेष्ट्याचे गीत प्रत्येक गटाने आपापल्या चालीत गायले. आपल्या मोरोक्कोच्या मंडळींची चाल झाली, येमेनी आजोबांनी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला, इथिओपियाच्या तरुणाने मासिंको हे एका तारेचे वाद्य गजाने वाजवले, आणि शेवटी आमची मलिद्याच्या विधीच्या वेळची चाल आली. आपण या सगळ्या चालींचे एकच मिश्रण करून वाढले नाहीत, याबद्दल मला आपले विशेष कौतुक वाटते. एकीच्या नावाखाली सगळ्यांना एकाच चालीत बसवणारे पुष्कळ भेटतात, आणि ती चाल बहुधा त्यांची स्वतःचीच असते. आपण एकाची चाल चालू असताना दुसऱ्याला फक्त सूर धरून राहायला सांगितलेत. त्यामुळे आमच्या चालीखाली कानून वाजत होते आणि तरी ती आमचीच राहिली.

सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे असे पुष्कळांना वाटते. आम्हांला नकार देणारे संयोजकही गोडच बोलत होते. आपण फारसे बोललाच नाहीत, आधी तारा जुळवल्यात.

आता एक विनंती आहे. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला आमच्या घरी एलियाहू हनावीचा मलिदा असतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा आणि पाच फळे असे ताट सजते, आणि कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा कशा उमटल्या ते काका दरवर्षी त्याच उत्साहाने सांगतात. आपण सहकुटुंब यावे आणि ऊद बरोबर आणावा. काकांना आपली मोरोक्कोची चाल पेटीवर बसवायची आहे. तिसऱ्या ओळीशी ते अडले आहेत, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून ते ती शिकणार नाहीत.

आपली नम्र,
अश्दोदची एक कोकणकरीण