बाक शाळेत पोहोचले, पैसे कुठं अडले?

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयातून फोन आला. 'बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी दिसत नाही, मार्चचा होता तो परत गेला.' याच कार्यालयानं माझ्या बाकांचे पैसे ३१ मार्च २०२५ च्या आत देतो, असं मला लेखी कळवलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये परभणीतल्या माझ्या वर्कशॉपमधून शाळांना २०० बाक दिले. निविदेत सर्वांत कमी दर माझाच होता. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पावत्या बिलाला जोडल्या. किंमत ८ लाख २० हजार. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, १ लाख ४७ हजार ६०० रुपये, मी पदरचा भरला. सरकारनं मला पैसे दिले नाहीत, पण न मिळालेल्या पैशांवर कर घेतला! लोखंडवाल्याची उधारी, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज, सहा कारागिरांचे पगार. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. मुलीची लातूरची नीटची शिकवणी मध्येच बंद केली. ती एक शब्द बोलली नाही, तेच मला सहन होत नाही.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा सांगतो, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपुढं अडवायचे नाहीत. अडवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. व्याज राहू द्या, मी मुद्दल मागतोय. माझ्या पुरवठा आदेशात मात्र आठवड्याच्या उशिराला अर्धा टक्का दंड होता. लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा म्हणतात. पण गेलो तर माझी पुढची निविदा पैसे अडवणाऱ्या याच कार्यालयाच्या टेबलावर उघडणार आहे, साहेब.

खरेदीचे नियम पारदर्शकता, समान संधी, स्पर्धा सांगतात. पण बिलं अशी अडली तर स्पर्धेत उरतो कोण? वर्षभर थांबायला ज्याच्याकडे भांडवल आहे तो, नाहीतर बिल काढायची वाट ज्याला ठाऊक आहे तो. थांबण्याचं व्याज तो दरातच धरतो आणि शाळेला बाक महाग पडतो. मराठवाड्यात उद्योग येत नाहीत म्हणून बैठका होतात. जे आहेत ते मरताहेत, त्यांच्याकडे कोण बघणार?

निधी हातात नसेल तर पुरवठा आदेश काढू नका. थकलेली बिलं तारखेसकट संकेतस्थळावर लावा. माहिती अधिकाराचं कलम ४ स्वतःहून माहिती द्यायलाच सांगतं. आणि माझे पैसे द्या.

गेल्या आठवड्यात त्यातल्या एका शाळेत गेलो होतो. एका बाकाचं वेल्डिंग सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन नेऊन जोडून आलो.

आपला,
परभणीचा एक लघुउद्योजक