पुन्हा भरला वर्ग, पण कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हल्ली दर थोड्या दिवसांनी एक बातमी असतेच, 'इतक्या वर्षांनी पुन्हा भरला वर्ग', खाली फोटो, पहिल्या रांगेत खुर्च्यांवर रिटायर्ड सर आणि बाई, मागे एकाच रंगाचे टीशर्ट घातलेले पन्नाशीचे विद्यार्थी, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, जुन्या आठवणींना उजाळा देताना अनेकांचे डोळे पाणावले. मी नुकताच एका शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचं अध्यक्षपद वर्षभर सांभाळून मोकळा झालोय, आमचाही असा फोटो छापून आलाय आणि मी त्यात मधोमध उभा आहे, त्यामुळे टिंगल करायचा माझा हेतू नाही. मेळावा व्हावाच, मजा येते. पण संघाचं खरं काम त्या बातमीत कधीच येत नाही आणि त्यामुळे नवीन कमिट्यांना वाटतं की हॉल बुक केला, माईक लावला, झाला संघ. म्हणून लिहितोय. लांबलंय, कापायचं तिथे बिनधास्त कापा.

संघ म्हणजे सगळ्यात आधी यादी. आणि यादी म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हे. ग्रुप कसा बनतो बघा, एकाने आपल्या चार मित्रांना घेतलं, त्यांनी त्यांच्या मित्रांना, म्हणजे शाळेत जे घोळक्यात होते तेच ग्रुपवर येतात आणि जो तेव्हा शेवटच्या बाकावर एकटा बसायचा तो आताही बाहेरच राहतो, कुणाकडे त्याचा नंबरच नसतो. याला इलाज शाळेच्या ऑफिसातच आहे. जनरल रजिस्टर. दाखल्यावर जो रजिस्टर नंबर असतो ना तो तिथलाच. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, आणि शाळा सोडण्याचं कारण. मुख्याध्यापकांची परवानगी काढून आम्ही ऑफिसात बसून फक्त नावं आणि वर्षं उतरवली आणि ग्रुपवरच्या नावांशी ताडून बघितली. किती नावं अशी निघाली की जी त्याच वर्गात बसलेल्या कुणालाही आठवेनात! कारणाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'सतत गैरहजर' एवढंच. त्या दोन शब्दांमागे कुणाचे वडील गेलेले असतील, कुणी कामाला लागला असेल, कुणाचं लग्न लावून दिलं असेल, रजिस्टरला त्याचं काय.

मुली शोधणं तर वेगळंच प्रकरण. रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आज आडनाव दुसरं, कधी कधी पहिलं नावही बदललेलं, म्हणजे फेसबुकवर शोधून काही उपयोग नाही. शेवटी एकच पद्धत चालली, जी सापडेल तिला विचारायचं की अजून कुणाकुणाशी बोलणं आहे, आणि फोन तिनेच करायचा, आम्ही नाही. अनोळखी पुरुषाने फोन करून 'मी तुमच्या वर्गात होतो' म्हटलं तर कुणीही कट करेल आणि बरोबरच करेल. त्यात बऱ्याच जणींचा म्हणून मिळालेला नंबर नवऱ्याचा निघतो. कमिटीत सगळे पुरुष असले तर यादीत बायका येणारच नाहीत, हे मी आता कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

दुसरा घोळ, माजी विद्यार्थी म्हणायचं कुणाला. आमच्या संघाच्या घटनेत 'या शाळेतून दहावी उत्तीर्ण' असं होतं. म्हणजे सातवीत शाळा सुटलेला बाहेर, दहावीला नापास झालेला पण बाहेर, बदलीमुळे दोनच वर्षं होता तोही बाहेर. सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडला की रजिस्टरमध्ये नाव असेल तो माजी विद्यार्थी, संपलं. वाटलं पाच मिनिटांत पास होईल, पण अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त वाद याच्यावर झाला. एकजण म्हणाले, मग संघाचा दर्जा काय राहील. दर्जा! अहो शाळेने त्याला बाकावर बसवताना तो पास होणार का असं विचारलं नव्हतं ना. ठराव झाला शेवटी, पण हात वर करताना काहींची तोंडं बघण्यासारखी होती.

अमेरिकेत विल्यम्स नावाचं कॉलेज आहे, तिथली माजी विद्यार्थ्यांची संघटना १८२१ ची, आजवर अखंड चालू असलेल्यांमध्ये सगळ्यात जुनी मानतात. ती का निघाली माहितीये? कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसरं कॉलेज काढायला निघून गेले, आता हे बंद पडणार अशी वेळ आली, तेव्हा जुने विद्यार्थी जमले. म्हणजे सुरुवात मेळाव्यासाठी झाली नव्हती, संस्था टिकवायला झाली होती. आपल्याकडे पटसंख्या घसरलेल्या किती शाळांचे माजी विद्यार्थी संघ जोरात आहेत, आणि पटसंख्येवर एकदा तरी मीटिंग घेतलेले त्यातले किती आहेत, तुमच्या वार्ताहरांनी जरा विचारून बघावं.

बरं, यादी झाली, सगळ्यांना कळवलं, तरी बरेच येत नाहीत. ते का येत नाहीत हे मी जमेल तेवढं फोन करून विचारलं. 'वेळ नाही' हे पहिलं उत्तर, ते खरं धरायचं नाही. थोडं बोलत राहिलं की मग कळतं. मेळाव्यात माईक फिरवून ओळख करून देतात, नाव, बॅच, सध्या काय करता. या तिसऱ्या प्रश्नाला घाबरून लोक येत नाहीत. एकजण म्हणाला, तिथे सगळे डॉक्टर इंजिनियर उभे राहणार आणि मग मी उभा राहून काय सांगू, धंदा बुडाला म्हणून? म्हणून आम्ही ओळखीतून तो प्रश्नच काढला, फॉर्मवरचा 'हुद्दा / कंपनी' हा रकानाही काढला, त्याऐवजी विचारलं की कुठल्या खोलीत बसायचात आणि शेजारी कोण होतं. कार्यक्रम लांबला खूप, सूत्रसंचालक वैतागला, पण जे एरवी दारातूनच परत जातात ते बोलले. काही जण मात्र शाळेवरच रागावलेले आहेत, मार खाल्लेला, वर्गासमोर अपमान झालेला, त्यांना त्या सरांच्या सत्काराचं आमंत्रण द्यायचं आणि वर 'ये ना यार' म्हणायचं हा आग्रह बरा नव्हे. त्यांना यादीत ठेवावं, कळवत राहावं, ओढू नये.

तरुण पोरं येत नाहीत अशी सगळ्याच संघांची तक्रार असते. त्यात त्यांचा दोष नाही. आठवणींचा अभ्यास करणारे सांगतात की चाळिशी ओलांडली की माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. पंचवीस वर्षांच्या पोराला अजून ते वय चालूच आहे, तो कशाला मागे वळून बघेल. त्याला गहिवर नकोय, त्याला नोकरीच्या ठिकाणी ओळखीचं कुणी हवंय, नव्या शहरात राहायला खोली हवीय. ते द्या, तो येतो.

आता व्हॉट्सअॅप. ग्रुपवर १०२४ माणसं बसतात म्हणून सगळ्या बॅचेस एकत्र कोंबायचा मोह होतो. कोंबू नका. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी राजकारण, रात्री भांडण, आणि मधे कुठेतरी 'शनिवारी शाळेत दहा जण हवेत' हा मेसेज, ज्याला वीस अंगठे येतात आणि शनिवारी मी आणि सेक्रेटरी. हे असं का होतं यावर १९६८ साली डार्ली आणि लताने अशा आडनावांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेला आहे. इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ज्यांना वाटत होतं की ऐकणारे आपण एकटेच आहोत, त्यांच्यातले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले, आणि आपल्यासारखे अजून चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. फिट आलेल्या माणसाची ही गत, तर शाळेच्या कपाटं हलवायच्या कामाला कोण उठतंय. आम्ही मग बॅचवार एकेक प्रतिनिधी नेमला, त्याने आपल्या बॅचला नावं घेऊन फोन करायचे. नवीन काही नाही, येल विद्यापीठात वर्गवार संघटना १७९२ पासून आहे. पण फोनवर 'अरे तू येणार का' असं विचारलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो, अंगठा दाखवत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर बोललं की माझं डोकं तापतं. वर्गणी अध्यक्षाच्या किंवा कुणाच्याही पर्सनल खात्यावर घेऊ नये, कितीही विश्वासू असला तरी. संघाचं खातं, दोन सह्या, पावती, आणि कार्यक्रमानंतर लगेच हिशेब ग्रुपवर. मेळाव्याचा खर्च आणि शाळेला दिलेली देणगी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे, मग कुणाला भाषण द्यायची गरज पडत नाही. देणगीचं पण एक गंमतशीर आहे, सगळ्यांना नाव कोरता येईल अशी वस्तू द्यायची असते. पंखा, बाक, पाण्याचा फिल्टर, कॉम्प्युटर. एका बॅचने दिलेला फिल्टर शाळेत बंद पडून होता, आतला भाग बदलायला पैसे नाहीत म्हणून, आणि दुसरी बॅच शेजारी नवा फिल्टर बसवायला निघाली होती! मी मुख्याध्यापकांना विचारलं तुम्हाला काय हवंय, तर ते आधी बोलेचनात, मग हळूच म्हणाले, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या रोजच्या सफाईला माणूस हवाय, त्याचा पगार. पगारावर नाव कोरता येत नाही ना. तो जमवायला मला जेवढी तोंडाची वाफ दवडावी लागली तेवढ्यात चार कॉम्प्युटर आले असते.

आणि एक धोक्याची सूचना. यादी तयार झाली की तिच्यावर डोळा ठेवणारे येतात. विमा एजंट, क्लासवाले, जमिनीचे प्लॉट विकणारे, आणि निवडणूक जवळ आली की उमेदवाराचे कार्यकर्ते, त्यातले काही आपलेच माजी विद्यार्थी. 'फक्त नंबर दे, मी बघतो.' नाही द्यायचे. लोकांनी नंबर शाळेच्या नावावर विश्वास ठेवून दिलेत. यामुळे एक-दोन जुनी नाती ताणली गेली माझी, चालतंय.

एक उपक्रम मात्र छान झाला. दर वर्षी करिअर मार्गदर्शनाला तोच मोठा साहेब येतो, तो स्लाइड दाखवतो, पोरं पेंगतात. या वेळी आम्ही वीजजोडणीची कामं करणारा एकजण, एक नर्स, एक ट्रकचालक आणि एक बँकेतली क्लार्क असे चौघं बोलावले, सगळे याच शाळेचे, आणि भाषण नाही, फक्त प्रश्न. शॉक लागला का कधी? रात्री गाडी चालवताना झोप आली तर काय करता? माणूस मेलेला पहिल्यांदा बघितला तेव्हा रडलात का? मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. त्या चौघांपैकी दोघं आधीच्या एकाही मेळाव्याला आलेले नव्हते. स्टेजवर बोलवायला ते आम्हाला कधी सुचलेच नसते जर यादी ग्रुपवरूनच काढली असती.

अध्यक्षपद एकाच वर्षाचं असावं की तीन, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. माझं मत एकच वर्ष, पण एका अटीवर, जाणाऱ्याने सगळं कागदावर सोपवायचं. ईमेलचा पासवर्ड, ग्रुपचे अॅडमिन, बँकेतल्या सह्या, हॉलवाल्याचा नंबर, कुठल्या बॅचचा प्रतिनिधी फोन उचलतो आणि कुठला फक्त हो म्हणतो, हे सुद्धा. मी आलो तेव्हा संघाचा ईमेल एका जुन्या पदाधिकाऱ्याच्या बंद पडलेल्या मोबाइल नंबरला जोडलेला होता, तो सोडवण्यातच माझा उत्साह बराच आटला.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढची 'पुन्हा भरला वर्ग' बातमी तुमच्याकडे येईल तेव्हा फोटो जरूर छापा, पण वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला सांगा. रजिस्टरप्रमाणे त्या वर्गात एकूण किती जण होते? जे आले नाहीत त्यांच्यापैकी किती जणांना फोन गेला होता? आणि गेल्या मेळाव्यात जाहीर केलेली देणगी शाळेला पोचली का? उत्तरं छापली नाहीत तरी चालेल, नुसतं विचारलं तरी कमिटीवाले पुढच्या वेळी रजिस्टर उघडतील.

आपला,
एक वाचक आणि नुकताच मोकळा झालेला अध्यक्ष