चवथीच्या खरेदीआधी ‘किमान देय रक्कम’ समजून घ्या

संपादक महोदय,

चवथ, म्हणजे आमची गोव्याची गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे. गणपतीच्या वर फळाफुलांनी बांधायच्या माटोळीचे सामान आपण शेवटच्या दोन दिवसांत घेतो, पण फ्रिज, टीव्ही, मोबाइल यांची खरेदी महिनाभर आधीच सुरू होते. त्या दुकानांच्या दारात टेबल मांडून क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेणारी मुले-मुलीही आता दिसू लागली आहेत. गेल्या वर्षी अशाच एका टेबलापाशी माझ्या मुलाने सही केली. पुढे काय झाले ते लिहिते, कारण चौकशी केल्यावर आमच्याच वाड्यावर अशी आणखी तीन घरे निघाली आणि चूक सगळीकडे एकच होती.

मी डिचोली तालुक्यात राहते, घरी शिवणकाम करते. माझ्या यजमानांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा त्या ट्रकाचे हप्ते चालू होते. ट्रक अंगणात उभा, ताडपत्रीवर शेवाळ धरलेले, आणि हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी हजर. शेवटी मिळेल त्या भावाला विकला. तेव्हापासून आमच्या घरात कर्ज म्हटले की सगळे गप्प होतात. अशा घरातला मुलगा आठ महिने कर्जात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण आपण कर्ज काढले आहे असे त्याला स्वतःलाच वाटत नव्हते.

तो कांदोळीच्या बाजूला हॉटेलात नोकरीला आहे. सीझनमध्ये पगाराबरोबर सर्व्हिस चार्जचा वाटा मिळतो, पावसाळ्यात तो आटतो. गेल्या चवथीला त्याने घरात नवा फ्रिज आणला आणि बहिणीला मोबाइल घेतला. दोन्ही मिळून ४२ हजार. आम्हाला वाटले, पैसे साठवले असतील. आनंद झाला, खोटे कशाला सांगू.

जूनमध्ये एक दिवस माझ्या फोनवर बँकेच्या वसुलीवाल्यांचा फोन आला. फॉर्मवर त्याने दुसरा नंबर म्हणून माझा दिला होता. रात्री तो घरी आल्यावर विचारले. तो म्हणाला, “आई, मी दर महिन्याला भरतोय. ह्याच महिन्यात चार दिवस उशीर झाला.” आणि तो खरे बोलत होता. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दर महिन्याला त्याला दोन आकडे दिसत. एक ‘एकूण देय रक्कम’, दुसरा ‘किमान देय रक्कम’. दुसरा आकडा भरला की हिरवी खूण येई आणि ‘धन्यवाद’ असे अक्षर येई. त्याने तो आठ वेळा भरला. किमान रक्कम म्हणजे त्या महिन्याचा हप्ता, असेच तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून सगळी बिले छापून आणली. शेजारच्या वहिनींची मुलगी बी. कॉम. करते, तिला बोलावले. माझी मापांची वही असते, ब्लाउजची छाती, बाही, उंची लिहायची. तिच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. पहिल्या महिन्याची गुंतागुंत सोडते आणि ४० हजार बाकी धरून सांगते, म्हणजे कुणालाही घरी करून बघता येईल.

बाकी ४०,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. बिल झाले ४१,६५२. आमच्या कार्डाची किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के होती, म्हणजे २,०८३. ती भरली की बाकी राहते ३९,५६९. दोन हजारांवर भरले आणि कर्ज फिटले ४३१ रुपयांचे. मुलगा त्या वहीकडे बघत राहिला. असे आठ महिने भरले तर हातातून जातात १६ हजार रुपये आणि ४० हजारांचे राहतात साडेछत्तीस हजारांवर. तेही त्या काळात कार्डावर एक पैशाचीही नवी खरेदी केली नाही तर. ह्याच चालीने बाकी निम्मी व्हायला किती दिवस लागतील ते त्या मुलीने काढून दाखवले: ६४ महिने. पाच वर्षे उलटून गेली तरी २० हजार उरलेलेच.

बिलाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेले आहे की फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते. ही सूचना छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. पण अ‍ॅपमधून पैसे भरणारा माणूस ते पान उघडत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त दुसरा, छोटा आकडा.

आणखी एक गोष्ट ह्या बिलांनी शिकवली. कार्डवाले ४५-५० दिवस बिनव्याजी म्हणतात, ते खरे आहे, पण मागचे बिल पूर्ण फेडले असेल तरच. थोडीही बाकी राहिली की ती सवलत जाते आणि त्यानंतर घेतलेल्या दोनशे रुपयांच्या पेट्रोलवरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज लागते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर तिथे बिनव्याजी दिवस मुळात नसतातच, वर वेगळे शुल्क. आमच्या वाड्यावरच्या एका घरात दवाखान्यासाठी अशी रोख काढली गेली होती. दहा घरी मागितले असते तर कुणीही दिले असते.

आम्ही पतसंस्थेतली माझी ठेव मोडली आणि ३८ हजारांवरचे बिल एका फटक्यात भरले. यजमानांना ते पटले नाही, मुलीच्या नावाने ठेवलेले पैसे होते. मी त्यांना एवढेच विचारले, ठेवीवर वर्षाला सात टक्के मिळतात आणि कार्डावर बेचाळीस जातात, तर कुठले पैसे आधी हलवायचे? पूर्ण भरूनही पुढच्या बिलात नऊशे काही रुपये आलेच. बिल निघाल्या दिवसापासून आम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचे ते व्याज. हे आधी माहीत नसेल तर माणूस ‘सगळे फेडले’ म्हणून ते बिल बघतच नाही आणि पुन्हा दंड सुरू होतो. ज्यांनी नुकतेच कार्ड फेडले आहे त्यांनी पुढची दोन बिले डोळ्यांखालून घालावीतच.

एवढे व्याज कायद्यात बसते का, असे मला त्या वेळी वाटले होते. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणे अनुचित ठरवले होते. पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा ‘तीसच्या वर घेता येत नाही’ असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

मग कार्ड घ्यावेच का? माझे यजमान म्हणतात, कात्रीने कापून टाका. माझे मत तसे नाही. त्याच बी. कॉम. करणाऱ्या मुलीचा थोरला भाऊ औषध कंपनीत आहे. तो चार वर्षे कार्ड वापरतो आणि आजवर एक रुपया व्याज दिलेले नाही. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय त्याने करून ठेवली आहे. वेळेवर फेडीची नोंद झाल्याने त्याचा सिबिल स्कोअर चांगला आहे आणि पुढे घराच्या कर्जाला तो उपयोगी पडेल. वस्तू तीच, पण त्याच्या खात्यात ते पैसे आधीच असतात. कार्ड तो फक्त पुढे करतो.

म्हणून विचारणाऱ्याला मी एकच सांगते. तीन महिने वही लिहा. आमच्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, उधारीची वही असते. तो महिनाअखेरीला वही पुढे करतो आणि मागची बाकी राहिली तर तोंडावर विचारतो, म्हणून आपण जपून घेतो. कार्ड विचारत नाही, उलट बाकी ठेवलेली त्याला चालते. आपल्या वहीत तीनही महिने शेवटी काही शिल्लक पडत असेल तर कार्ड घ्यायला हरकत नाही. शिल्लक पडत नसेल, किंवा पगार सीझनप्रमाणे खाली-वर होत असेल आणि पावसाळ्याची तजवीज नसेल, तर नको. आता तर रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. पूर्वी मोठ्या दुकानातच कार्ड निघे, आता पावापासून भाजीपर्यंत क्यूआर स्कॅन केला की उधारी. हातातून नोट जात नाही तिथे जास्तच सांभाळावे लागते.

मुलाचे कार्ड आम्ही बंद केले नाही, पण त्याची मर्यादा ७५ हजारांवरून २० हजारांवर आणवली. पूर्ण रक्कम खात्यातून वळती होण्याची सोय केली. त्याचा पगार ७ तारखेला होतो आणि बिलाची शेवटची तारीख होती ३. बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ती बदलून आता २० झाली. परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून बंद ठेवले. कार्डावर फक्त पेट्रोल आणि विजेचे बिल. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच बँकेला आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचे, हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत.

ज्यांच्याकडे नको असलेले कार्ड पडून आहे त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, बाकी काही नसेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज ७ कामकाजाच्या दिवसांत पुरा झाला पाहिजे, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

त्याच निर्देशांत अर्जाबरोबर व्याजदर आणि शुल्क सांगणारा एक पानी कागद द्यायला सांगितले आहे, आणि अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात असेही म्हटले आहे. माझ्या मुलाला टेबलावर असा कागद मिळाला नाही. फॉर्म इंग्रजीत होता आणि मुलगी ‘इथे सही, इथे सही’ करत बोट ठेवत होती. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिलाही दिवसाचे टार्गेट असणार.

माझी मागणी गोव्यातल्या बँकांकडे आहे. चवथीआधी डिचोली, साखळी, म्हापसा, फोंडा इथल्या शाखांनी आणि दुकानांच्या दारातल्या त्या टेबलांवर मराठीत नि कोंकणीत एक मोठ्या अक्षरातला कागद लावावा. त्यावर फार काही नको. ४० हजार बाकी असताना किमान रक्कम भरली तर त्यातले कर्जात किती जातात आणि व्याजात किती, हे दोन आकडे पुरेत. आमच्या वहीतले पान मी द्यायला तयार आहे.

– एक गृहिणी, डिचोली